क्षणिक आघात आणि पदार्थांचें बळ

‘एक घाव दोन तुकडे’ हे शब्द आपल्या बोलण्यांत वारंवार येतात. परंतु या चार शब्दांत पदार्थविज्ञानांतील केवढा मोठा प्रश्न सांठविलेला आहे, इकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. नारळ दोन्ही तळहातांमध्यें धरून कितीहि दाबला तरी तो दाद देत नाहीं. तोच दगडावर एकदां आपटला कीं त्याचीं दोन शकलें होतात. सुतार खिळ्यावर हातोडी टेकवून दाबीत बसत नाहीं, तो ठोका मारतो. उन्हाळ्यांत विहिरींत उड्या घेणाऱ्या मुलांस तर हें पुरतें ठाऊक असतें कीं, जें पाणी हळूच बुडविलेल्या हाताला निमूटपणें वाट देतें, तेंच पाणी पोटावर पडणाऱ्यास फरशीप्रमाणें लागतें. सारांश, एखाद्या वस्तूवर भार किती पडला एवढेंच पाहून भागत नाहीं. तो किती वेळांत पडला हेंहि पाहावें लागतें. ही गोष्ट मनुष्याच्या हातांस फार पूर्वींपासून ठाऊक होती. ती मोजून आंकड्यांत मांडण्यास मात्र विद्वानांचीं जवळजवळ दीडशें वर्षें खर्चीं पडलीं. त्या दीर्घ परिश्रमांचा इतिहास आमच्या वाचकांपुढें थोडक्यांत ठेवावा, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम घरीं करून पाहण्याजोगा एक सोपा प्रयोग सांगतों. किलोभर वजनाचा एक दगड साध्या दोऱ्यानें आढ्यास टांगावा, आणि त्याच दोऱ्याचा दुसरा तुकडा दगडाच्या खालच्या बाजूस बांधून मोकळा सोडावा. आतां खालचा दोरा हळूहळू ओढीत गेल्यास वरचा दोरा तुटतो; कारण त्याच्यावर आपल्या ओढीबरोबर दगडाचेंहि वजन असतें. परंतु खालच्या दोऱ्यास एकदम हिसका दिल्यास खालचाच दोरा तुटतो, आणि दगड वर जागच्या जागीं लोंबत राहतो. दोरा तोच, दगड तोच, हातहि तोच. फरक काय तो वेळेचा. जडत्वामुळें दगडास हलावयास कांहीं अवधि लागतो, आणि त्यानें हलून वरच्या दोऱ्यास ताण पोहोंचविण्यापूर्वींच खालच्या दोऱ्याचा निकाल लागलेला असतो. प्रयोग करतांना पाय दगडाखालीं ठेवूं नये, हें वेगळें सांगावयास नको.

जें या दगडाचें तेंच प्रत्येक पदार्थाच्या प्रत्येक कणाचें. लोखंडी कांबीच्या एका टोंकावर घण मारला असतां दुसऱ्या टोंकास ती गोष्ट तत्काळ कळत नाहीं. आघाताची बातमी कणाकडून कणाकडे जाते, आणि तिचा वेग म्हणजे त्या पदार्थांतील ध्वनीचा वेग होय. हवेंत हा वेग सेकंदास सुमारें ३४० मीटर असतो. पोलादाच्या कांबींत तो सुमारें ५,००० मीटर असतो. म्हणजे पांच मीटर लांबीच्या कांबीचें दूरचें टोंक आघातानंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत अगदीं स्वस्थ असतें. सावकाश चढविलेला भार सर्व कांब मिळून वांटून घेते. क्षणिक भार मात्र जेथें पडला तेथल्याच कणांस प्रथम सोसावा लागतो, आणि मग तो लहरीच्या रूपानें पुढें सरकतो.

याशिवाय आणखी एक गोष्ट आहे, ती पदार्थाच्या स्वभावाची. घट्ट डांबराचा खडा हातोडीनें ठोकला तर कांचेप्रमाणें त्याच्या ठिकऱ्या उडतात. आणि तेंच डांबर वर्षानुवर्षें एका जागीं राहूं दिलें तर तें वाहूं लागतें. ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरीं, क्वीन्सलंड विद्यापीठांत, प्राध्यापक थॉमस पार्नेल यांनीं १९२७ सालीं असें डांबर एका नरसाळ्यांत भरून ठेविलें, व १९३० सालीं नरसाळ्याची नळी कापून त्यास खालून वाट मोकळी केली. तेव्हांपासून २०१४ सालापर्यंत त्यांतून अवघे नऊ थेंब पडले! हें डांबर घन कीं द्रव, असें कोणी विचारल्यास त्यास एवढेंच सांगतां येईल कीं, तुम्ही त्याला किती वेळ देतां यावर तें अवलंबून आहे. धातूंचा स्वभाव इतका टोंकाचा नाहीं. परंतु त्यांनाहि वेळेची पर्वा आहे, हें पुढें दिसून येईल.

या विषयाचा पहिला स्पष्ट विचार इंग्लंडांतील डॉक्टर थॉमस यंग यांनीं केला. प्रकाश हा तरंगरूप आहे हें दाखविणारे म्हणून त्यांचें नांव विद्यार्थ्यांस परिचित असेलच. १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, आघात सोसण्याच्या पदार्थाच्या शक्तीला वेगाची एक मर्यादा आहे. आघाताचा वेग त्या मर्यादेपलीकडे गेला तर आदळणारी वस्तु कितीहि लहान असली तरी पदार्थ भंगल्यावांचून राहत नाहीं. यांतील हिशेब मोठा सुबक आहे. आघाताच्या वेगास पदार्थांतील ध्वनीच्या वेगानें भागिलें कीं पदार्थ किती प्रमाणांत दबेल तें निघतें. समजा, एक जड व कठीण वस्तु सुमारें सव्वा मीटर उंचीवरून पोलादी कांबीच्या टोंकावर पडली. पडतांना तिचा वेग सेकंदास ५ मीटर होतो. पांचास ५,००० नीं भागिलें असतां १,००० वा भाग येतो. म्हणजे टोंकाजवळचें पोलाद आपल्या लांबीच्या हजाराव्या भागाइतकें दबतें. हें प्रमाण दिसावयास क्षुल्लक आहे खरें; परंतु साधें मऊ पोलाद स्थितिस्थापकतेनें जेवढें दबूं शकतें त्याची मर्यादा याच्याच आसपास आहे! येथें आदळणारी वस्तु जड असो कीं फार जड असो, पहिल्या क्षणीं पोलादावर येणारा दाब वेगच ठरवितो.

यंग यांचा हा विचार बराच काळ ग्रंथांतच राहिला. लोकांचें लक्ष त्याकडे वेधण्यास आगगाडी यावी लागली. तत्पूर्वीं पुलांवरून बैलगाड्या व घोडे जात असत, आणि पुलाच्या तुळया उभ्या भारास पुरेशा आहेत कीं नाहींत एवढें पाहिलें म्हणजे झालें, अशी समजूत होती. पुढें शेंकडों खंडी वजनाच्या गाड्या त्याच तुळयांवरून धांवूं लागल्या. २४ मे १८४७ रोजीं सायंकाळीं चेस्टर शहरानजीक डी नदीवरील पुलावरून उतारूंची एक गाडी जात असतां पुलाची एक बिडाची तुळई मोडली. चालकानें वाफ वाढवून इंजिन कसेंबसें पैलतीरास नेलें. मागचे डबे नदींत कोसळले व पांच माणसें प्राणांस मुकलीं. पूल उघडून पुरतें वर्षहि लोटलें नव्हतें, आणि तो बांधणारे रॉबर्ट स्टीफन्सन हे त्या काळचे अत्यंत नामांकित इंजिनियर होते. ती तुळई नेमकी कोणत्या कारणानें मोडली याविषयीं आजहि जाणत्यांत मतभेद आहेत. परंतु लोकांनीं त्या वेळीं जो प्रश्न विचारला तो अगदीं रास्त होता. तो असा कीं, धांवता भार उभ्या भाराहून अधिक घातक असतो काय?

या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठीं सरकारनें त्याच वर्षीं एक राजनियुक्त मंडळ नेमिलें. मंडळाच्या सभासदांनीं पोर्टस्मथ येथील गोदींत उंच मचाणावरून उतरते रूळ टाकले, त्यांवरून भारलेली गाडी सोडली, आणि ती निरनिराळ्या वेगानें लोखंडाच्या कांबींवरून नेऊन कांबी किती वांकतात हें मोजलें. वेग वाढतांच वांकहि वाढत गेला. कित्येक वेळीं तो उभ्या भाराच्या वांकाच्या दुपटीहून अधिक भरला. खऱ्या पुलांवर प्रयोग केले तेव्हां मात्र ही वाढ थोडीच आढळली. हा विरोध कसा मिटवावा? केंब्रिजचे प्राध्यापक रॉबर्ट विलिस यांनीं एक लहानसें यंत्र करून प्रयोग पुन्हां केले, आणि जॉर्ज स्टोक्स या तरुण गणितज्ञानें १८४९ सालीं त्याचें गणित सोडविलें. त्यावरून असें दिसून आलें कीं, वांक किती वाढेल हें नुसत्या वेगावर नव्हे, तर गाडीचा वेग, पुलाची लांबी, त्याचा ताठरपणा व त्याचें स्वतःचें वजन या सर्वांवर अवलंबून असतें. जड व ताठ पुलाला धांवता भार त्या मानानें कमी जाणवतो. पांच माणसांच्या मृत्यूनें विचारलेल्या प्रश्नास मिळालेलें हें पहिलें गणिती उत्तर होय.

यानंतरच्या इतिहासांत एका पितापुत्रांची जोडी येते, आणि या विषयाचा खरा पाया त्यांनींच घातला. पिता जॉन हॉपकिन्सन यांचा जन्म मँचेस्टर शहरीं १८४९ सालीं झाला. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेंत पहिला क्रमांक मिळविल्यावर, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, म्हणजे १८७२ सालीं, त्यांनीं लोखंडी तार आघातानें कशी तुटते हा प्रयोग केला. साधनें अगदीं साधीं होतीं. एक लांब तार वरच्या टोंकास पक्की बसविली. तिच्या खालच्या टोंकास एक चाप आवळला. आणि मध्यें भोंक पाडलेलें वजन तारेंत ओंवून उंचावरून सोडलें. तें तारेवरून घसरत येऊन चापावर आदळे, आणि तारेस एकदम हिसका बसे.

सामान्य बुद्धीस असें वाटेल कीं, वजन दुप्पट केलें तर तार तोडण्यास निम्मी उंची पुरावी. प्रत्यक्षांत तसें घडलें नाहीं. वजन हलकें असो वा भारी असो, तार तोडण्यास लागणारी उंची जवळजवळ तितकीच राही. उंची म्हणजे वेग. म्हणून तारेचा निकाल वजन लावीत नसून वेग लावतो, हें यंग यांचें म्हणणें प्रत्यक्ष प्रत्ययास आलें. दुसरा चमत्कार याहून मोठा होता. आघात खालीं होत असतांहि कित्येक वेळां तार वरच्या टोंकाशीं तुटे! याचें कारण हॉपकिन्सन यांनीं गणितानें दाखवून दिलें. खालून निघालेली ताणाची लहर वर चढत जाते व घट्ट बसविलेल्या टोंकाशीं पोहोंचतांच परत फिरते. त्या ठिकाणीं येणारी लहर व परतणारी लहर एकावर एक पडतात आणि ताण दुप्पट होतो. खालच्या टोंकानें जो घाव सोसला, तोच वरच्या टोंकास दुणावून बसतो. कोंकणच्या किनाऱ्यावर ज्यांनीं धक्क्याच्या भिंतीवर लाटा आपटतांना पाहिल्या असतील, त्यांस भिंतीशीं पाणी किती उंच उसळतें हें आठवेल. तारेंतील प्रकार त्याच जातीचा आहे.

जॉन हॉपकिन्सन यांनीं पुढें विद्युत्शास्त्रांत मोठें नांव मिळविलें, आणि तारेचा प्रयोग तसाच मागें राहिला. २७ ऑगस्ट १८९८ रोजीं स्वित्झर्लंडांतील आल्प्स पर्वतावर चढत असतां ते, त्यांचा एक पुत्र व दोन कन्या असे एकाच घरचे चौघेजण एकदम मृत्युमुखीं पडले. ज्येष्ठ पुत्र बर्ट्रम हे त्या वेळीं चोवीस वर्षांचे होते. त्यांनीं कायद्याचा अभ्यास करून वकिलीच्या धंद्यांत नुकतेंच पाऊल टाकिलें होतें. पित्याच्या मृत्यूनंतर त्यांनीं वकिली सोडली व यंत्रशास्त्र हातीं घेतलें. आणि अवघ्या पांच वर्षांत, १९०३ सालीं, केंब्रिज विद्यापीठानें त्यांस त्या विषयाचे प्राध्यापक नेमिलें.

१९०५ सालीं बर्ट्रम यांनीं पित्याचा तारेचा प्रयोग अधिक सूक्ष्म साधनांनीं पुन्हां केला. त्यांत त्यांस असें आढळलें कीं, सावकाश भार चढविला असतां ज्या ताणानें तार कायमची लांबते, त्याहून पुष्कळ अधिक ताण ती क्षणभर सोसूं शकते, आणि ताण ओसरतांच आपल्या मूळ लांबीवर परत येते. मात्र तो ताण सेकंदाच्या हजाराव्या भागाहून अधिक वेळ टिकतां कामा नये. म्हणजे क्षणिक आघातापुढें लोखंड एका परीनें अधिक बळकट ठरलें! पदार्थाचें बळ हा एक ठराविक आंकडा नसून तो वेळेबरोबर बदलतो, ही गोष्ट येथें प्रथमच धातूच्या बाबतींत स्पष्टपणें मोजली गेली.

परंतु ज्याचा अवधि सेकंदाच्या लक्षांशांत मोजावयाचा, असा आघात मापावा कसा? बंदुकीची गोळी पोलादावर आदळते किंवा स्फोटक द्रव्य उडतें, तेव्हां दाब किती होतो व तो किती वेळ टिकतो, हें सांगणारें घड्याळ त्या काळीं नव्हतें. बर्ट्रम यांनीं १९१४ सालीं यावर जी युक्ति प्रसिद्ध केली ती इतकी साधी आहे कीं ती ऐकून मन प्रसन्न होतें. त्यांनीं एक लांब पोलादी दांडा दोऱ्यांनीं आडवा टांगला. त्याच्या दूरच्या टोंकास त्याच जाडीचा एक आखूड तुकडा किंचित् वंगण लावून नुसता चिकटविला. दांड्याच्या पहिल्या टोंकावर गोळी आदळली कीं दाबाची लहर दांड्यांतून धांवत जाते, सांधा ओलांडून तुकड्यांत शिरते, आणि तुकड्याच्या मोकळ्या टोंकावरून परत फिरते. मोकळ्या टोंकावरून फिरतांना मात्र तिचें रूप पालटतें. दाबाची लहर ओढीची होते. वंगणाचा सांधा दाब पुढें पोहोंचवितो, पण ओढ त्याला मुळींच सोसत नाहीं. म्हणून परतणारी लहर सांध्याशीं येतांच तुकडा सुटून उडतो, आणि तेवढ्या अवधींत त्यांत शिरलेला सर्व वेग घेऊन जातो.

आतां हा तुकडाच घड्याळ कसा होतो तें पाहा. तुकडा १० सेंटिमीटर लांब असेल तर लहरीस त्यांतून जाऊन परत यावयास २० सेंटिमीटर चालावें लागतें. सेकंदास ५,००० मीटर या वेगानें त्यास सेकंदाचा २५,००० वा भाग लागतो. म्हणजे तेवढ्या अवधींत आलेला आघात या तुकड्यानें आपल्या पोटांत सांठविला. तुकडा आखूड केला कीं अवधि आखूड होतो. लांब केला कीं वाढतो. उडालेला तुकडा एका लंबकावर झेलून त्याच्या झोक्यावरून सांठविलेलें मान काढतां येतें. याप्रमाणें निरनिराळ्या लांबीचे तुकडे लावून बर्ट्रम यांनीं गोळीचा दाब व तो टिकण्याचा काळ ठरविला. शिशाची गोळी पोलादावर आदळते तेव्हां ती घन पदार्थासारखी वागत नसून जवळजवळ पाण्याच्या धारेसारखी पसरते, हेंहि यावरून निश्चित झालें. कांटा नाहीं, चाकें नाहींत, वीज नाहीं. आणि तरी सेकंदाचे लक्षांश मोजणारें घड्याळ तयार झालें!

त्याच वर्षीं पहिलें महायुद्ध सुरू झालें. बर्ट्रम हॉपकिन्सन यांनीं आपलें ज्ञान विमानांच्या कामीं लाविलें. केवळ टेबलापाशीं बसून सल्ला देणें त्यांस रुचेना, म्हणून चाळिशी ओलांडल्यावर ते स्वतः विमान चालविण्यास शिकले. २६ ऑगस्ट १९१८ रोजीं एकट्यानें विमान नेत असतां तें कोसळून त्यांचा अंत झाला. त्यांचें वय चव्वेचाळीस वर्षांचें होतें. पित्याच्या मृत्यूस वीस वर्षें पुरीं होण्यास एक दिवस उरला होता.

याच सुमारास आपल्या देशांतहि आघाताचा अभ्यास चालू होता, ही गोष्ट आमच्या वाचकांस अभिमानास्पद वाटेल. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झ यांनीं १८८१ सालीं दोन गोलक एकमेकांवर आदळले असतां ते किती वेळ चिकटून राहतात याचें गणित मांडलें होतें. त्या गणिताप्रमाणें पृथ्वीएवढे दोन पोलादी गोल सेकंदास एक सेंटिमीटर वेगानें एकमेकांस भिडले, तर ते दूर होण्यास सुमारें सत्तावीस तास लागतील! कलकत्ता येथें चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९१८ सालीं अत्यंत मंद वेगानें भिडणाऱ्या गोलकांचीं छायाचित्रें घेऊन असें दाखविलें कीं, वेग पुरेसा कमी केला म्हणजे धातूचे गोल जवळजवळ आहे त्याच वेगानें मागें उसळतात, त्यांची शक्ति फारशी नष्ट होत नाहीं. कांचेच्या जाड तावदानावर गोळा पडून जी शंकूच्या आकाराची चीर पडते तिचाहि त्यांनीं अभ्यास केला, व त्यावर १९१९ सालीं एक टिपण प्रसिद्ध केलें. प्रकाशाच्या शोधाबद्दल त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें तें पुढें १९३० सालीं.

कारखान्यांची गरज निराळी होती. तेथें लहरींचें गणित करण्यास सवड नव्हती. आलेलें पोलाद आघात सोसेल कीं नाहीं एवढेंच झटपट सांगणारी परीक्षा हवी होती. १९०१ सालीं फ्रान्सांत जॉर्जेस शार्पी यांनीं व १९०३ सालीं इंग्लंडांत एडविन आयझॉड यांनीं अशी परीक्षा पुढें आणिली. पोलादाच्या लहान कांडीस एक खांच पाडावयाची, आणि तिजवर जड लंबक सोडावयाचा. कांडी मोडून लंबक पलीकडे जितका कमी चढेल, तितकी त्याची शक्ति कांडीनें खाल्ली. ही परीक्षा आजहि जगभर रूढ आहे.

तिचें महत्त्व दुसऱ्या महायुद्धांत पटलें. अमेरिकेनें त्या काळांत अडीच हजारांहून अधिक ‘लिबर्टी’ जहाजें घाईनें बांधलीं; त्यांतील पुष्कळांच्या पोलादी पत्र्यांस एकाएकीं मोठमोठ्या चिरा पडल्या. १६ जानेवारी १९४३ रोजीं पोर्टलंड बंदरांत ‘स्केनेक्टडी’ नांवाचें नवें तेलवाहू जहाज शांत पाण्यांत, धक्क्याशीं उभें असतां, मोठा आवाज होऊन मधोमध दुभंगलें. केंब्रिजच्या विदुषी कॉन्स्टन्स टिपर यांनीं अशा पोलादाचा अभ्यास करून दाखविलें कीं, दोष केवळ सांध्यांचा नसून पोलादाचाहि होता. विशिष्ट थंडीखालीं तें वांकण्याचें सोडून कांचेप्रमाणें तडकत असे.

थंडीचा व घाईचा संबंध काय, असें कोणी विचारील. तो संबंध फार जवळचा आहे. धातु वांकतो म्हणजे त्याच्या कणांचे थर एकमेकांवरून घसरतात. मोठी सतरंजी एकदम ओढली तर हलत नाहीं. पण तिला एका कडेस सुरकुती पाडून ती पुढें ढकलीत नेली तर सतरंजी सहज सरकते. धातूंतील थर अशाच सुरकुत्यांच्या योगें घसरतात, ही कल्पना १९३४ सालीं टेलर, ओरोवान व पोलान्यी या तिघांनीं स्वतंत्रपणें मांडली. या सुरकुत्यांस अडथळे ओलांडण्यासाठीं कणांच्या उष्णताजन्य थरथरीची मदत लागते, व त्यासाठीं थोडा वेळहि लागतो. थंडींत थरथर कमी होते. आघातांत वेळ कमी मिळतो. परिणाम दोहोंचाहि एकच: धातु घसरूं शकत नाहीं, ताण वाढत जातो, आणि वांकावयाचें तें पोलाद प्रसंगीं तडकतें. बर्ट्रम यांच्या तारेनें क्षणभर अधिक ताण सोसला, आणि खांच पाडलेली कांडी आघातानें तडकन मोडली. या दोन विरुद्ध भासणाऱ्या गोष्टींचें मूळ असें एकच आहे.

वर उल्लेखिलेले जॉफ्री टेलर यांनीं युद्धकाळांत आणखी एक सोपी रीत काढिली. सपाट तोंडाची धातूची लहान नळकांडी वेगानें पोलादी भिंतीवर मारावयाची. तिचें पुढचें तोंड अळंबीसारखें पसरतें, मागचा भाग सरळ राहतो. आणि मागें किती लांबी सरळ उरली यावरून तो धातु क्षणिक आघातांत किती दाब सोसतो याचा हिशेब करतां येतो. हें गणित १९४८ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं वेल्सचे शास्त्रज्ञ आर. एम. डेव्हिस यांनीं हॉपकिन्सन यांच्या दांड्यास विजेची जोड दिली. चिकटविलेल्या तुकड्याऐवजीं दांड्याच्या टोंकाची हालचाल विद्युत्साधनानें टिपून ती किरणनळीच्या पडद्यावर रेषेच्या रूपानें उमटविली. त्यामुळें दाब कसा चढला व कसा उतरला हें सर्व डोळ्यांस दिसूं लागलें.

पुढच्याच वर्षीं, १९४९ सालीं, हर्बर्ट कोल्स्की यांनीं शेवटचें पाऊल टाकिलें. त्यांनीं दांड्याचे दोन भाग केले, आणि मध्यें परीक्षेच्या पदार्थाची एक पातळ चकती ठेविली. पहिल्या दांड्यांतून लहर येते. तिचा कांहीं भाग चकतीवरून मागें फिरतो, व कांहीं भाग चकतीमधून दुसऱ्या दांड्यांत जातो. मागें फिरलेली लहर चकती किती वेगानें दबली हें सांगते. पुढें गेलेली लहर चकतीनें किती दाब सोसला हें सांगते. दोन्ही साक्षी जुळवून सेकंदाच्या दहाहजारांश अवधींत पदार्थाचा सर्व स्वभाव कळतो. कोल्स्की यांनीं रबर, पॉलिथीन, तांबें, शिसें अशा पदार्थांची या रीतीनें परीक्षा केली, आणि ते सावकाश भारांत दिसतात त्याहून क्षणिक भारांत अधिक ताठ असल्याचें आढळलें. हेंच यंत्र आज जगांतील व आपल्या देशांतीलहि अनेक अभियांत्रिकी संस्थांत वापरलें जातें, आणि त्यास अद्याप हॉपकिन्सन यांचेंच नांव आहे.

हा सर्व उद्योग पुलाच्या अपघातापासून निघाला, तोफा व स्फोटक द्रव्यें यांच्या मार्गानें वाढला, आणि आतां मनुष्याच्या प्राणरक्षणाच्या कामीं लागला आहे. मोटारीचा पुढचा भाग टक्कर झाली असतां कोणत्या क्रमानें चेपावा, विमानाच्या पंख्यावर पक्षी आदळला तर पातें टिकेल कीं नाहीं, दुचाकीस्वाराच्या शिरस्त्राणांत कोणता फेस भरावा, हें सर्व याच ज्ञानावरून ठरतें. शिरस्त्राणाचें वरचें कवच कठीण असतें. पण खरें काम आंतला मऊ फेस करतो. तो चेपतां चेपतां डोकें थांबण्याचा अवधि वाढवितो. अवधि वाढला कीं आघात कमी झाला. क्रिकेट खेळणारा मुलगा झेल घेतांना हात मागें घेतो, तो हेंच तत्त्व आचरीत असतो.

आमच्या विद्यार्थिमित्रांस शेवटीं एवढेंच सांगावेंसें वाटतें. पुस्तकांत एखाद्या धातूच्या बळाचा आंकडा दिलेला असतो, आणि आपण तो पाठ करतों. तो आंकडा खोटा नव्हे. परंतु तो सावकाश विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर आहे. प्रश्न घाईनें विचारला तर तोच पदार्थ निराळें उत्तर देतो. यास्तव, तुम्हांपैकीं जे उद्यां पूल बांधतील, यंत्रें घडवितील किंवा रस्त्यावर गाडी चालवितील, त्यांनीं ‘भार किती?’ या प्रश्नाबरोबर ‘किती वेळांत?’ हा दुसरा प्रश्नहि नित्य विचारावा. डी नदीच्या पुलावर जीं पांच माणसें गेलीं, त्यांच्यासाठीं हा दुसरा प्रश्न फार उशिरां विचारला गेला. पुढच्यांसाठीं तो वेळेवर विचारला जावा, एवढें तरी त्यांचें ऋण आपणांवर आहे.